सांतोस बेनाविदेस : पाच हजार गासड्यांची राखण करणारा कर्नल

नदीकाठ

अमेरिकन यादवी युद्धाचा विषय निघाला की आपली मजल गेटिसबर्ग, लिंकन आणि जनरल ली यांच्यापुढे सहसा जात नाही. आज ज्याच्याबद्दल लिहितोय तो गेटिसबर्गपासून सुमारे अडीच हजार किलोमीटर दूर, टेक्सास आणि मेक्सिको यांच्या मधून वाहणाऱ्या रिओ ग्रांदेच्या काठावर लढला. तो स्पॅनिश बोलणारा, कॅथलिक, आणि तरी दक्षिणेच्या, म्हणजे अमेरिकेतून फुटून निघालेल्या गुलामगिरीवाल्या राज्यांच्या, फौजेत कर्नल. दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या मेक्सिकन वंशाच्या टेक्सासवासीयांत (यांना तेहानो म्हणतात) इतक्या वरच्या हुद्द्यावर दुसरा कोणी पोचला नाही. युद्ध संपल्यावर त्याने भावाबरोबर व्यापार आणि गुरांचं काम सांभाळलं, पुढे तीन वेळा टेक्सासच्या विधिमंडळात बसला, आणि १८९१ मध्ये ज्या गावात जन्मला त्याच गावात वारला.

ते गाव लारेडो. १७५५ मध्ये स्पेनच्या अमलात तोमास सांचेसने वसवलं. हा सांचेस म्हणजे आपल्या सांतोसचा खापरपणजोबा. म्हणजे घराणं पहिल्यापासून गावचं पाटील म्हणावं असं. सांतोस जन्मला १ नोव्हेंबर १८२३ रोजी. मेक्सिको तेव्हा नुकताच स्पेनपासून सुटला होता.

आता पुढची गंमत बघा. तो तरणा होईतो मेक्सिकोत संघराज्यवादी विरुद्ध केंद्रवादी अशी जुंपली. १८४० च्या जानेवारीत उत्तरेकडच्या संघराज्यवाद्यांनी 'रिओ ग्रांदे प्रजासत्ताक' जाहीर केलं. त्याची राजधानी चक्क लारेडो! हे राज्य वर्षभरसुद्धा टिकलं नाही. त्याचा सेनापती अंतोनियो सापाता पकडला गेला, केंद्राच्या सैन्याने त्याचं मुंडकं कापून त्याच्याच गावात टांगून ठेवलं. सांतोस या लढायांत संघराज्यवाद्यांकडून होता. टेक्सास १८३६ मध्ये स्वतंत्र झालं होतं आणि नदीपर्यंतची जमीन आपलीच म्हणत होतं, पण लारेडोत त्यांची सत्ता कागदापुरतीच. पुढे टेक्सास अमेरिकेत सामील झालं, आणि मग अमेरिका-मेक्सिको युद्ध. टेक्सासचे माजी अध्यक्ष लामार १८४६ मध्ये सैन्य घेऊन लारेडोत उतरले. सांतोसने त्यांच्याशी जुळवून घेतलं, पण गाव अमेरिकेत जाऊ नये असंच त्याचं म्हणणं होतं. १८४८ च्या तहाने नदी ही सरहद्द ठरली आणि लारेडो उत्तरेला राहिलं. काही घरं उठून नदीपलीकडे गेली आणि त्यांनी नुएवो लारेडो वसवलं. जाताना पूर्वजांच्या अस्थी उकरून सोबत नेल्या असं तिथले लोक सांगतात.

बेनाविदेस मंडळी मात्र हलली नाहीत. १८५६ मध्ये सांतोस गावचा महापौर झाला, १८५९ मध्ये वेब काउंटीचा मुख्य न्यायाधीश. १८६१ मध्ये टेक्सास अमेरिकेतून फुटून निघालं आणि हा दक्षिणेच्या फौजेत कॅप्टन.

ज्या दिवसामुळे त्याचं नाव राहिलं तो १९ मार्च १८६४. उत्तरेच्या सैन्याने नदीच्या मुखाजवळचं ब्राउन्सव्हिल बंदर आधीच घेतलं होतं, त्यामुळे दक्षिणेचा कापूस नदीच्या वरच्या अंगाला लारेडोकडून मेक्सिकोत चालला होता. गावच्या सान अगुस्तिन चौकात पाच हजार गासड्या पडून होत्या. त्यांच्यासाठी उत्तरेचे सुमारे २०० घोडेस्वार चालून आले. सांतोस आजारी, अंथरुणावर. हाताशी माणसं ४२. रस्त्यांवर कापसाच्याच गासड्या रचून आडोसे केले. भाऊ क्रिस्तोबालला त्याने बजावलं, की दिवस आपल्या विरुद्ध गेला तर कापसाला आग लाव, एकही गासडी त्यांच्या हाती लागता कामा नये, आणि मग माझं नवं घरही पेटवून दे. मग उठून घोड्यावर बसला. साकाते ओढ्यापाशी तीन हल्ले परतवले. कापूस वाचला, घरही वाचलं.

माझं मत सरळ आहे. हा माणूस कुठल्याच झेंड्याचा नव्हता. लारेडोवर आपल्या घराण्याची जी पकड होती, तिला जो हात लावणार नाही त्याच्याकडून तो लढला. मेक्सिको सिटीतलं केंद्र नको, वॉशिंग्टनचंही नको. दक्षिणेची राजधानी रिचमंड पुरेशी लांब होती, म्हणून चाललं.

वऱ्हाडी_ठेचा

नदीकाठभाऊ, झकास. कापसाचं नाव निघालं म्हणून आमच्या बाजूची गोष्ट सांगणं भाग आहे.

एक गासडी अंदाजे दोनशे किलो धरा. पाच हजार म्हणजे हजार टन रुई. सरकी काढलेली, दाबलेली. १८६४ च्या भावाने ती किती मोलाची होती हे त्या चौकात उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असणार.

कारण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या तेव्हा कापसावाचून बंद पडत होत्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं अडवलेली. मग लिव्हरपूलच्या दलालांची नजर वळली मुंबईकडे. खानदेश, वऱ्हाड, गुजरात इथला कापूस बैलगाड्यांनी आणि जिथवर रेल्वे झाली होती तिथून रेल्वेने मुंबईला धावू लागला. आपला धागा आखूड, विलायती गिरणीवाल्यांना मुळीच आवडत नसे. तिकडे सगळ्याच हिंदुस्थानी कापसाला 'सुरत' म्हणायचे. देवा कापूस पाठव, पण सुरत नको, अशी प्रार्थना तिथले कामगार करत असा किस्सा आहे. भाव चढल्यावर आपल्या लोकांनीही हात धुऊन घेतले. सरकी, माती, पाणी, काय वाट्टेल ते गासडीत. शेवटी मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला.

पैसा इतका आला की तो ठेवायचा कुठे कळेना. प्रेमचंद रायचंदांसारखे दलाल, बँका, समुद्र हटवून जमीन करणाऱ्या कंपन्यांचे शेअर, वायदे... आणि १८६५ च्या वसंतात लीने शस्त्रं ठेवली, युद्ध संपलं आणि कापसाचा भाव कोसळला. त्याच वर्षी इराणच्या आखातातून तारेची केबल सुरू झाल्याने बातमीही पूर्वीपेक्षा फार लवकर आली. १ जुलै १८६५, वायदे पुरे करायचा दिवस. निम्मी मुंबई बुडाली म्हणतात ती तेव्हा. प्रेमचंदांनी आईच्या नावाने दिलेल्या पैशातून पुढे राजाबाई टॉवर उभा राहिला, तेवढी खूण फोर्टात शिल्लक.

तर तुमचा कर्नल चौकात गासड्या राखत होता तेव्हा इकडे अमरावतीचा अडत्या देव पाण्यात घालून बसला असणार, की हे युद्ध आणखी दोन वर्षं चालू दे.

अर्धवट_माहितीवाला

एक बाळबोध शंका. बंदरं अडवली होती तर हा कापूस मेक्सिकोतून बाहेर कसा पडत होता? तिथून निघालेली जहाजं आरमाराने का नाही पकडली?

नदीकाठ

बाळबोध कशी, सगळ्या प्रकरणाची मेख तीच आहे. १८४८ च्या तहाप्रमाणे रिओ ग्रांदे दोन्ही देशांची. नदीच्या मुखाशी मेक्सिकोच्या बाजूला बागदाद नावाचं वाळूतलं गाव आणि थोडं आत मातामोरोस शहर. मेक्सिको युद्धात तटस्थ. तटस्थ देशाच्या बंदरातून ब्रिटिश जहाज निघालं तर अडवायचं कुठल्या कायद्याने? म्हणून टेक्सासचा कापूस गाड्यांवर लादून वाळवंटासारख्या मुलखातून खाली नदीकडे न्यायचा, नदी ओलांडली की तो कागदोपत्री मेक्सिकन माल. बदल्यात बंदुका, दारूगोळा, औषधं, कापड. उत्तरेच्या न्यूयॉर्ककडचे व्यापारीही मातामोरोसला माल आणून कापूस घेऊन जात. युद्ध रणांगणावर, धंदा धंद्याच्या जागी.

नोव्हेंबर १८६३ मध्ये उत्तरेचं सैन्य ब्राउन्सव्हिलला आलं ते हीच वाट बंद करायला. दक्षिणेचा जनरल बी तिथून निघताना कापूस आणि किल्ला पेटवून गेला. व्यापार तसाच नदीच्या काठाकाठाने वर सरकला, लारेडो आणि ईगल पासकडे. पलीकडच्या नुएवो लेऑनचा गव्हर्नर विदाउरी दक्षिणेवर मेहेरबान होता, कारण ओलांडणाऱ्या प्रत्येक गासडीवर त्याला जकात मिळत होती. या वाटेची राखण करणारा माणूस दोन्ही काठांवर नातीगोती असलेला हवा. रिचमंडहून पाठवलेल्या कुठल्या गोऱ्या अधिकाऱ्याला ते जमलं असतं असं वाटत नाही.

मृण्मयी_के

लेख आवडला, पण 'कुठल्याच झेंड्याचा नव्हता' हे वाक्य मला पटलेलं नाही.

टेक्सासने फुटून निघताना जे कारणांचं जाहीरनामापत्र काढलं त्यात गुलामगिरीचा उल्लेख आडपडद्याने नाही, ठळक आहे. हे वाचून, ऐकून, समजून सांतोस त्या फौजेत गेला. 'घराण्याची पकड' म्हटलं की ऐकायला बरं वाटतं, पण मेक्सिकोने १८२९ मध्ये गुलामगिरी बंद केली होती आणि टेक्सासमधले गुलाम जीव मुठीत धरून तीच नदी पोहून पलीकडे जात होते, हे लारेडोच्या महापौराला माहीत नसेल? १८५५ मध्ये टेक्सासचे रेंजर (राज्याचे हत्यारबंद स्वार) नदी ओलांडून गेले आणि त्यांनी मेक्सिकोतलं पिएद्रास नेग्रास गाव जाळलं, तेही काही गुपित नव्हतं.

आणि सगळ्यांनी तोच पक्ष घेतला असंही नाही. शेजारच्या सापाता काउंटीत एप्रिल १८६१ मध्येच अंतोनियो ओचोआ नावाच्या माणसाने गरीब शेतकरी-गुराखी गोळा करून नव्या सरकारची शपथ घ्यायला नकार दिला. ते लोकही तेहानो, तेही स्पॅनिश बोलणारे, त्याच नदीकाठचे. क्लारेन्यो नावाच्या वस्तीवर दक्षिणेच्या सैनिकांनी त्यातले काही मारले. मग मे महिन्यात हुआन कोर्तिना हा बंडखोर पलीकडून माणसं घेऊन आला, तर त्याला कारिसो गावी गाठून हाकलून लावलं ते याच सांतोस बेनाविदेसने, २२ मे रोजी. म्हणजे निवड करायला वाव होता. त्याने केली.

फटकळ_आजोबा

मृण्मयीताईंना माझा दुजोरा. घराण्याची पकड, गावाची अस्मिता ही भाषा आपण आपल्याकडे दर निवडणुकीला ऐकतो. बाकी ते विधिमंडळात जाऊन या गृहस्थांनी काय दिवे लावले, तेही येऊ द्या. शीर्षकात कर्नल, लेखात कर्नल, आमदार कुठे दिसेना.

नदीकाठ

आजोबा, येतो तिकडे. आधी मृण्मयीताई.

ओचोआचा मुद्दा वजनदार आहे, आणि माझ्या म्हणण्याला तो उलट बळच देतो. तेहानो म्हणून सगळे एका बाजूला गेलेच नाहीत. दक्षिणेकडून लढलेले अडीच हजारांच्या आसपास, उत्तरेकडून हजाराला थोडे कमी. फूट पडली ती जमीनदार आणि जमीन नसलेले अशी. लारेडोत गुलाम जवळपास नव्हतेच, पण कर्जापायी धन्याशी बांधलेले पेओन होते, म्हणजे आपल्याकडचे सालगडीच. बापाचं कर्ज मुलाच्या डोक्यावर. मेक्सिकोतले असे गडी नदी ओलांडून टेक्सासला पळत. बेनाविदेस मोठे रँचवाले, म्हणजे गुरांच्या मोठाल्या कुरणांचे मालक. त्यांना माणसं बांधून ठेवणारी व्यवस्था परकी वाटण्याचं कारणच नव्हतं. तुम्ही म्हणता ती निवड त्याने केली, बरोबर. कुणी केली, हे मी सांगतोय. ती जमीनदाराने केली.

आणि झेंड्याचं म्हणाल तर आद्रियान विदालकडे बघा. हा दक्षिणेचा कॅप्टन, ऑक्टोबर १८६३ मध्ये बंड करून उत्तरेकडे गेला, तिथूनही पळाला, मेक्सिकोत अध्यक्ष हुआरेसच्या बाजूने लढला आणि १८६५ मध्ये फ्रेंचांनी तिथे बसवलेल्या बादशहाच्या फौजेने त्याला गोळ्या घातल्या. त्याच्याजवळ उभं केलं तर सांतोस फारच स्थिर वाटतो. त्याच्याजवळ हरायला गाव होतं.

दक्षिणेनेही त्याला पुरतं आपलं मानलं नाही. स्वतःची रेजिमेंट उभारायची परवानगी दिली, जुलै १८६४ मध्ये दक्षिणेच्या फोर्ड नावाच्या अधिकाऱ्याने ब्राउन्सव्हिल परत घेतलं त्या मोहिमेतही तो होता, पण हुद्दा कर्नलपाशी थांबला. जनरल काही झाला नाही.

मृण्मयी_के

जमीनदाराने केली, हे मान्य. पण मग 'झेंडा नव्हता' कसं? जमीनदारांचाच तर झेंडा होता तो. रिचमंडमध्येही जमीनदारच बसले होते. मळ्यात कापूस होता आणि इथे गुरं, इतकाच फरक. लारेडोहून रिचमंड लांब असेल, पण परकं नव्हतं.

वऱ्हाडी_ठेचा

ताई, हे आवडलं.

नदीकाठ

हा मुद्दा डोक्यात ठेवतो. तरी १८४० मध्ये आणि १८४८ मध्ये त्याने जे केलं ते या चौकटीत मला पूर्ण बसवता येत नाही.

आता आजोबांचा आमदार.

१८७९ ते १८८४ अशा तीन मुदती. ही वर्षं टेक्सासच्या इतिहासात गजबजलेली आहेत. ऑस्टिनमधली विधिमंडळाची जुनी इमारत ९ नोव्हेंबर १८८१ रोजी जळाली (योगायोग असा की बरोबर दहा वर्षांनी त्याच तारखेला सांतोस वारला). नवी बांधायला राज्याकडे रोकड नव्हती, जमीन मात्र अफाट. मग ठेकेदारांना पैशाऐवजी ३० लाख एकर माळरान देऊन टाकलं. त्या जमिनीवर पुढे एक्सआयटी नावाची प्रचंड रँच उभी राहिली आणि १८८८ मध्ये गुलाबी ग्रॅनाइटची इमारत पुरी झाली. १८८३ च्या सुमारास काटेरी तारांची भांडणं पेटली. मोठ्यांनी कुंपणं घातली, पाण्याच्या वाटा अडवल्या, छोट्यांनी रात्री तारा कापल्या. १८८४ च्या जानेवारीत खास अधिवेशन बोलावून तार कापणं गंभीर गुन्हा ठरवलं गेलं. सांतोसच्या मुदतीतल्या गोष्टी या. रँचवाल्यांच्या हिताच्या, हे मृण्मयीताई म्हणायच्या आत मीच म्हणतो.

न्यू ऑर्लिन्सला १८८४ मध्ये मोठं कापूस प्रदर्शन भरलं, तिथे टेक्सासचा प्रतिनिधी म्हणूनही त्याला पाठवलं. या पदावर त्याचा हक्क कोणीच नाकारला नसता. आणि विधिमंडळाखेरीज गावच्या नगरपालिकेतही तो दोनदा निवडून आला.

त्याला युद्धानंतर काही भोगावं लागलं नाही, हे मला जास्त बोलकं वाटतं. त्याच्यावर सैन्य धाडणारा उत्तरेचा एडमंड डेव्हिस १८७० ते १८७४ टेक्सासचा गव्हर्नर होता. तरी लारेडोत दुकान, गुरं, मानमरातब सगळं बेनाविदेसांकडेच.

सॅन_अँटोनिओकर

आमच्या गावाहून लारेडो साधारण अडीचशे किलोमीटर. सान अगुस्तिन चौक आजही आहे, चर्च आहे, आणि चौकाला लागूनच रिओ ग्रांदे प्रजासत्ताकाचं छोटेखानी संग्रहालय आहे. टेक्सासवर आजवर ज्यांचं राज्य झालं त्यांचे टेक्सासमध्ये सगळीकडे 'सहा झेंडे' म्हणतात, लारेडोवाले या प्रजासत्ताकाचा धरून ऐटीत सात सांगतात.

एक विचारायचं होतं. तिथे बोतास आणि गुआराचेस अशा दोन पक्षांच्या मारामारीबद्दल ऐकलं होतं. त्यात हाच बेनाविदेस का?

नदीकाठ

हाच. हे दोन्ही डेमोक्रॅटिक पक्षाचेच स्थानिक गट. बोतास म्हणजे बूट, गुआराचेस म्हणजे चपला. नावावरून वाटेल की श्रीमंत विरुद्ध गरीब. प्रत्यक्षात दोन्हीकडचे पुढारी बडेच. बुटांकडे फ्रान्समध्ये जन्मलेला व्यापारी रेमंड मार्टिन, चपलांकडे सांतोस बेनाविदेस. म्हणजे कर्नल, व्यापारी, माजी आमदार, पाटलाचा वंशज, आणि पक्षाची निशाणी गरिबाची चप्पल!

१८८१ मध्ये रेल्वे लारेडोला पोचली होती. गाव फुगलं, नवी माणसं आली, नगरपालिकेच्या पदांना मोल आलं. एप्रिल १८८६ च्या निवडणुकीत चुरस झाली. निकालानंतर बुटांनी चपलेची प्रेतयात्रा काढायचं ठरवलं. मिरवणूक निघाली, आणि गोळीबार सुरू झाला. चपलांनी तोफसुद्धा आणली होती. सरकारी आकडा १६ मेलेल्यांचा आहे, खरा त्याहून मोठा असावा असं पुष्कळ जण मानतात. शेवटी सैन्य आणि रेंजर आणून शांतता करावी लागली.

फटकळ_आजोबा

प्रेतयात्रा! बघा, मी म्हटलं नव्हतं? आमच्या तालुक्यात पडलेल्या उमेदवाराच्या दारात जाऊन फटाके वाजवतात, तेवढ्यावर भागतं.

मग पुढे कोण जिंकलं?

नदीकाठ

कोणीच नाही आणि दोघेही. सांतोस गेल्यावर काही वर्षांत दोन्ही गटांतले बडे लोक 'इंडिपेंडंट क्लब' नावाखाली एकत्र आले आणि त्या क्लबने विसाव्या शतकात कितीतरी दशकं लारेडो चालवलं.

क्रिस्तोबाल, ज्याला घर जाळायला सांगितलं होतं तो, १९०४ पर्यंत जगला. वेब काउंटीतल्या सर्वांत श्रीमंत माणसांत त्याची गणना होत असे.

मृण्मयी_के

बूट-चप्पल एका क्लबात. माझं म्हणणं मी वर लिहिलंच आहे.

नदीकाठ, ओचोआवर वेगळा धागा काढणार का? नसेल तर मी काढते. सापाता काउंटीबद्दल बरंच जमवलंय.

नदीकाठ

तुम्हीच काढा. कोर्तिनाही त्यातच घ्या, तो एकटा चार धाग्यांचा ऐवज आहे. १८५९ मध्ये त्याने ब्राउन्सव्हिल शहर काबीज केलं होतं, तिथून सुरुवात करता येईल.